गुलाबबाईंचा बाहेरचा चहा

धुळ्याच्या चौथ्या गल्लीत सुभाषचंद शेठ राहत. खाली त्यांची कापसाच्या दलालीची पेढी, मधल्या मजल्यावर ते, त्यांची बायको गुलाबबाई आणि मुलगा अभयकुमार, आणि वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून मी. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. एकोणीसशे अडुसष्ट ते बाहत्तर, त्या चारपाच वर्षांतली ही गोष्ट.

शेठना गावात मान होता तो खाण्यापिण्यातले जाणकार म्हणून. सकाळी पूजा उरकली की ते आग्रा रोडवरच्या वनाभाऊच्या हॉटेलात जाऊन बसत. मधलं टेबल त्यांचं ठरलेलं. तीनचार दलाल मित्र भोवती, आणि शेठ सांगत असत. जामनेरला कचोरी खायची तर बाजाराच्या दिवशी. पारोळ्याला भजी खायची तर किल्ल्याच्या बाजूच्या दुकानात. जळगावला स्टेशनबाहेर उभ्यानं प्यायचा चहा वेगळा आणि आत बसून प्यायचा वेगळा. पण सगळ्या खान्देशात चहा एकच, तो वनाभाऊचा. ऐकणारे माना हलवत. त्यांना दुसरं काम नव्हतं आणि चहा शेठ पाजत होते.

हाच माणूस घरून निघताना गुलाबबाईंनी केलेल्या चहाचे दोन घोट घेऊन कप तसाच ठेवायचा. "घरच्या चहाला ती चव येत नाही," म्हणायचा.

ती चव म्हणजे कोणती, हे गुलाबबाईंना कळायला मार्ग नव्हता. लग्न होऊन त्या धुळ्याला आल्या त्याला एक पिढी लोटली होती, मुलगी मंजू लग्न होऊन सासरी गेली होती, आणि तोवर त्यांनी घराबाहेर चहाचा एक घोट घेतला नव्हता. चांगल्या घरची बाई हॉटेलात बसत नाही, असा नियम होता. चांगल्या घरचा पुरुष ऐन कामाच्या वेळी हॉटेलात बसून गप्पा हाणतो, त्याबद्दल नियमात काही म्हटलेलं नव्हतं.

गुलाबबाई उंच, सडपातळ, आवाज हळू. त्या भांडत नसत. एखादं वाक्य बोलून कामाला लागत, आणि ज्याला ते लागायचं त्याला दुपारपर्यंत उत्तर सुचत नसे.

अडुसष्टच्या मे महिन्यात आम्ही सगळे जळगावला एका लग्नाला निघालो होतो. एस.टी. पारोळ्यात बिघडली. पुरुष मंडळी खाली उतरली आणि समोरच्या हॉटेलात शिरली. बायका गाडीतच. पत्रा तापलेला, पोरं रडतायत, आणि हॉटेलातून शेठचा आवाज आम्हाला ऐकू येतोय, भज्यांच्या पिठात ओवा किती घालावा याबद्दल. बऱ्याच वेळानं त्यांनी आमच्यासाठी चहा पाठवला. ग्लासांवर साय धरलेली, कडांना भज्यांचं तेल. गुलाबबाईंनी ग्लास खिडकीतून बाहेर रिकामा केला.

गाडी दुरुस्त झाली तसे शेठ तोंड पुसत येऊन बसले. गुलाबबाईंनी विचारलं, "आत पंखा आहे?"

"आहे की."

"बसायला बाकडी?"

"बाकडी आहेत, खुर्च्या आहेत. का?"

"सहज. इथं खिडकी होती."

शेठना काही कळलं नाही. ते थेट एरंडोलपर्यंत भज्यांबद्दल बोलत राहिले.

पुढच्या वर्षी मंजूला दिवस गेले. मंजू दिली होती काठमांडूला. निर्मलकुमार, तिचा नवरा, याच्या घराण्याचं तिथं कापडाचं मोठं दुकान होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला डोंगरातल्या रस्त्यानं बसचा प्रवास करू नका म्हणून बजावलं. म्हणून आईच तिकडे निघाली. शेठना कापसाचं काम होतं. मधलं टेबल सोडून इतके दिवस राहायचं त्यांच्या जिवावर आलं असावं, असं माझं मत आहे. अभयकुमारनं आईला नेऊन पोचवलं. भुसावळहून गाडी, पाटण्याला गंगा ओलांडायला बोट, पलीकडे पुन्हा गाडी, रक्सौलहून बस. गुलाबबाईंनी त्या सगळ्या प्रवासात घरच्या डब्यातलं खाल्लं आणि सुरईतलं पाणी प्यायलं.

तिथे त्या काही महिने राहिल्या. परत आल्यावर गच्चीवर पापड वाळत घालताना त्यांनी मला सगळं सांगितलं, त्यातलं थोडं सांगते.

मंजूच्या सासूबाई हीराबाई. जाडजूड, पायांत बूट घालून चालणाऱ्या. पहाटे देवदर्शनाला दोघी विहिणी निघायच्या. पहिल्याच दिवशी परतताना हीराबाई एका दुकानापुढं थांबल्या. दुकान म्हणजे एक चूल, दोन बाकडी आणि चुलीपाशी बसलेली एक बाई. तिला सगळे माइली म्हणत.

हीराबाई म्हणाल्या, "चहा घेऊ आणि पुढं जाऊ."

गुलाबबाई म्हणाल्या, "इथं? बाकड्यावर?"

"मग काय उभ्यानं? थंडी किती आहे."

"कोणी बघेल."

"बघू दे. त्यांनाही प्यायचा असेल तर माइली देईल."

गुलाबबाई बसल्या. पदर ओढून, बाकड्याच्या टोकाला. शेजारी पाठीवर डोको, म्हणजे ओझ्याची बांबूची टोपली, घेतलेली हमाल बाई बसली होती, तिच्या पलीकडे एक म्हातारा जप करत होता. माइलीनं त्यांच्यासमोर दूध घातलं, पत्ती घातली, उकळी आली तसा गाळून ग्लास हातात दिला. बरोबर तांदळाच्या पिठाची गोड, कड्यासारखी तळलेली सेलरोटी.

"बाई," गुलाबबाई मला म्हणाल्या, "मी तो ग्लास दोन्ही हातांनी धरला. गरम होता. घरचा पहिला चहा मी केला तो दहा वर्षांची असताना. तेव्हापासून माझ्या हातात कोणी असा चुलीवरून थेट चहा दिलेला नव्हता. मी सगळ्यांना देते आणि माझा घेते तेव्हा तो निवलेला असतो. आणि रस्त्यानं माणसं जात होती, त्यांतल्या एकानं मान वळवून बघितलं नाही. मला आधी अपमान वाटला. इतकी वर्षं ज्याला भ्यायले ते हे? कोणी बघतसुद्धा नाही?"

त्यानंतर त्या दोघींनी काठमांडू पालथं घातलं. बाळ झाल्यावरही, मंजूचं तेलपाणी आटोपलं की निघायच्या. पण परदेशातलं म्हणून सगळं गोड मानून घेणाऱ्यांतल्या गुलाबबाई नव्हत्या. मोठ्या स्तूपाजवळ तिबेटी माणसानं मीठ-लोणी घातलेला चहा दिला. त्या म्हणाल्या, "त्यांच्या थंडीत तो बरा असेल. मला वाटलं वरण पातळ झालंय." गोऱ्या हिप्पी पोरांच्या एका दुकानात पोरं अनवाणी जमिनीवर लोळत होती आणि केक खात होती. "आईबापांनी धाडली असतील कंटाळून," एवढंच. जावयानं मानानं एका मोठ्या हॉटेलात नेलं. तिथे पांढऱ्या टेबलावर किटलीत नुसतं गरम पाणी आलं, बरोबर दोऱ्याला बांधलेली कागदी पुडी. ती पाण्यात बुडवायची. "निर्मलकुमारना वाईट वाटू नये म्हणून प्याले," गुलाबबाई म्हणाल्या. "चहा करायचा कंटाळा आलेल्या माणसांनी काढलेली युक्ती आहे ती. आणि त्यासाठी डोक्याला फेटा बांधून माणूस उभा केलाय."

माइलीच्या चहाला मात्र त्यांनी नावं ठेवली नाहीत.

दिवाळीनंतर त्या धुळ्याला परतल्या. शेठ खुश होते. घरात स्वयंपाक नीट होऊ लागला. पहिल्याच सकाळी त्यांनी दोन घोट घेऊन कप ठेवला आणि ते वाक्य म्हटलं. "घरच्या चहाला ती चव येत नाही."

गुलाबबाई "बरं" म्हणाल्या. शेठ गेल्यावर त्यांनी चांगली साडी नेसली आणि मला हाक मारली. मला शाळेला सुट्टी होती. "चला बाई," त्या म्हणाल्या, "ती चव काय असते ती बघून येऊ."

वनाभाऊचं हॉटेल भरलेलं होतं. आम्ही दोघी आत शिरलो आणि बशीतून भुरके मारण्याचा आवाज थांबला. वनाभाऊ गल्ल्यावरून उठून आला. "अक्का, आत बसा ना. बायकांसाठी आत वेगळी सोय आहे." त्यानं कोपऱ्यातला पडदा दाखवला. पडदा पूर्वी निळा असावा.

गुलाबबाईंनी पडदा बाजूला केला. आत कांद्याची पोती, कोळशाचा ढीग, एक मोडकी खाट. त्यांनी पडदा होता तसा सोडला. "वनाभाऊ, ही सोय कांद्यांची आहे. त्यांना राहू द्या." आणि त्या शेठच्या टेबलाशेजारच्या टेबलावर जाऊन बसल्या. मी त्यांच्यासमोर.

शेठ कानापर्यंत लाल झाले होते. खालच्या आवाजात म्हणाले, "घरी चल. इथं तमाशा नको."

"चहा प्यायला आले. पिऊन निघते."

वनाभाऊ शेठकडे बघत राहिला, शेठ छताकडे. शेवटी चहा आला. गुलाबबाईंनी तो पूर्ण संपवला, सावकाश. मग वनाभाऊला हळू आवाजात विचारलं, "पहाटेच्या पत्तीचाच चोथा आहे ना? का कालचा?"

वनाभाऊ गल्ल्याकडे परत वळला, आणि त्यातच सगळं आलं. प्रश्न पाचसहा टेबलांनी ऐकला होता. गुलाबबाई नवऱ्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "अहो, यासाठी तुम्ही रोज सकाळी एवढं चालत येता?"

आम्ही पैसे देऊन बाहेर पडलो. मागे कोणीतरी हसलं. कोण ते शेठनी नंतर खूप शोधलं.

पुढचे कितीतरी दिवस शेठ बायकोशी बोलले नाहीत. मग त्यांनी जामनेरहून मोठ्या भावाला बोलावून घेतलं. त्यांना सगळे नाना म्हणत. समाजात वजन, अंगावर पांढरा डगला. नाना बैठकीत बसले, मी गुलाबबाईंना मदत करत होते म्हणून सगळं ऐकलं.

"गुलाबबाई," नाना म्हणाले, "आपल्या घराण्यातल्या बाईनं हॉटेलात बसायचं म्हणजे काय?"

गुलाबबाईंनी त्यांच्यापुढं चहा ठेवला. "नाना, जामनेरला तुम्ही चहा कुठं घेता?"

"बाजारात. एक चांगला आहे तिथं."

"जाऊबाईंना कधी नेलंत?"

"तिला घरात काय कमी आहे?"

"काही नाही. तुम्हाला काय कमी आहे?"

नानांनी चहा संपवला आणि शेठना बाजूला घेऊन सांगितलं की काठमांडूची हवा बाधली आहे, उन्हाळ्यापर्यंत उतरेल. जामनेरहून एवढ्या लांब येऊन त्यांनी केलेलं निदान ते एवढंच.

हवा उतरली नाही. गुलाबबाई आता सुट्टीच्या दिवशी मला घेऊन निघत आणि आम्ही जागा शोधत फिरत असू. शेठ ज्या ज्या ठिकाणांची वर्षानुवर्षं तारीफ करत आले होते, ती आम्ही एकेक बघितली. किल्ल्याच्या बाजूची भजी तेलात पोहणारी निघाली. नशिराबादला एका नावाजलेल्या ठिकाणची शेव कडू लागली. "एका माणसानं सांगितलं, दुसऱ्यानं मान हलवली," गुलाबबाई म्हणाल्या. "कोणी जिभेला विचारलंच नाही."

ताईबाई आम्हाला सापडली ती असंच एकदा रिकाम्या हातानं परतताना. पारोळा रोडवर कापसाच्या जिनिंग मिलच्या फाटकासमोर लिंबाच्या झाडाखाली तिनं चूल मांडली होती. नवरा वारलेला, स्वतः जवळच्याच खेड्यातली. कापूस घेऊन येणारे गाडीवान तिचं गिऱ्हाईक. आम्ही जवळ गेलो तसं तिनं बाकड्यावर फडकं मारलं आणि अहिराणीत म्हणाली, "बस व माय. आठे बठ्ठा गाडीवान येतस, बाया कोनी येत नही. तू कशी उनी?"

"चहा प्यायला आले. चालेल ना?"

"चहा काय माणूस देखीसन उकळस का? बस."

कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर तिनं प्रत्येकासाठी वेगळा चहा टाकला, गुळाचा. गुलाबबाई जैन, त्यांना आलं चालत नाही, हे कळल्यावर सुंठ टाकली. बरोबर मुगाची भजी, कांदा नसलेली. गुलाबबाईंनी सगळा ग्लास सावकाश संपवला. मग म्हणाल्या, "अजून एक टाक." मी त्यांना कुठल्याही गोष्टीचं इतकं कौतुक करताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

वर्षभर आम्ही तिथं गेलो. एखाद्या रविवारी शेजारच्या पुष्पाबाई यायच्या, घरी देवळात जाते म्हणून सांगून. गाडीवान सरकून जागा द्यायचे.

एकाहत्तरमध्ये अभयकुमारचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी जळगावची, घरं तोलाची, साखरपुड्याचा नारळ द्यायचा तेवढा राहिलेला. मुलीकडच्यांनी निरोप पाठवला की तूर्त थांबू. कारण त्यांनी सांगितलं नाही. पण मुलीचे मामा धुळ्याला येऊन गेले होते आणि दोन तास वनाभाऊच्या हॉटेलात बसले होते. होणारी सासू गाडीवानांत बसून चहा पिते, ही बातमी त्यांना तिथे मिळाली. बातमी ऐकून त्यांना इतका धक्का बसला की त्यांनी आणखी एक प्लेट भजी मागवली, असं पुष्पाबाईंचा नवरा सांगत होता. तोही तिथंच बसलेला होता.

अभयकुमार घरी येऊन आईसमोर उभा राहिला. तो भला मुलगा होता, पण त्या दिवशी त्याचा आवाज फाटला. "आई, एका चहासाठी? घरात चहा नाही मिळत तुला?"

शेठना अशी संधी किती दिवसांत मिळाली नव्हती. ते नुसते मुलाच्या मागे जाऊन उभे राहिले.

गुलाबबाई स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवसापासून त्या बाहेर पडल्या नाहीत. मी रविवारी हाक मारली की म्हणत, "नको बाई. पोराचं होऊन जाऊ दे." एकदा ताईबाईनं एका गाडीवानाबरोबर निरोप पाठवला, अक्का आजारी शे का म्हणून. गुलाबबाईंनी खिडकीतून त्याला सांगितलं, "आजारी नाही. कामात आहे." आणि खिडकी लावून घेतली. त्या काळात त्यांचं तोंड कसं दिसायचं ते मला विसरता येत नाही. घरातले सगळे म्हणत, बाई आता ताळ्यावर आली.

बाहत्तरच्या जानेवारीत हीराबाई नातवाला आणि मंजूला घेऊन धुळ्याला आल्या. मुलीची सासू येणार म्हणजे घरात दिवाळी. शेठनी भिंतींना रंग लावून घेतला, नाना जामनेरहून आले, उपाश्रयात साधूंच्या प्रवचनाला जमणाऱ्या ज्या बायका गुलाबबाईंशी बोलायच्या बंद झाल्या होत्या त्याही नटून आल्या. विहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे शेठनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरल्या बैठकीत हीराबाई बूट घालून उभ्या राहिल्या. "व्याही, गुलाबबेन सांगत होत्या, तुमच्यासारखा चहाचा जाणकार खान्देशात नाही. चला, कुठं मिळतो चांगला ते दाखवा. आम्ही दोघी येतो."

शेठनी नानांकडे बघितलं. नानांनी डगल्याचं बटण बघितलं. मुलीच्या सासूला नाही म्हणायची त्या घरात कोणाची छाती नव्हती. शेठनी टोपी घातली.

मी मागोमाग गेले. सोडते कशी. आग्रा रोडवरून पुढे शेठ, मागे दोघी विहिणी, आणि दुकानादुकानांतून लोक बाहेर येऊन बघत होते. वनाभाऊच्या हॉटेलात मधल्या टेबलावर शेठ दोघींच्यामध्ये बसले. दलाल मित्रांनी उठून नमस्कार केले आणि लांबच्या टेबलावर गेले. पडद्याचं नाव कोणी काढलं नाही. चहा आला. हीराबाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "व्याही, तब्येत बरी आहे ना तुमची? जिभेला चव लागते?"

गुलाबबाई नवऱ्याकडे बघत होत्या. शेठनी स्वतःचा कप उचलला, घोट घेतला, आणि मला वाटतं पहिल्यांदाच त्यांनी तो चहा चाखला. कप खाली ठेवून ते म्हणाले, "आज बिघडलाय."

"मग चला," गुलाबबाई उठल्या. "मी नेते."

त्या सगळ्यांना पारोळा रोडला घेऊन गेल्या. ताईबाईनं त्यांना लांबून बघितलं, चुलीत जाळ सारला आणि म्हणाली, "बठ्ठं काम सरनं का तुनं?" गुलाबबाई म्हणाल्या, "सरलं." शेठ गाडीवानांच्या शेजारी बसले. त्यांनी दोन ग्लास घेतले. ग्लासात काही उरवलं नाही.

अभयकुमारचं लग्न त्याच वर्षी चोपड्याच्या मुलीशी झालं. सासू कुठं बसते हे मुलीकडच्यांनी विचारलं नाही. काठमांडूच्या विहीणबाईच हॉटेलात नेऊन बसवतात म्हटल्यावर ती आता मोठ्या घरची रीत झाली होती. उपाश्रयातल्या दोघीतिघी आम्हाला विचारायला लागल्या, रविवारी किती वाजता निघता.

आणि शेठनी वनाभाऊचं हॉटेल सोडलं. मित्रांना घेऊन ते रोज सकाळी लिंबाखाली बसू लागले. गाडीवानांना बसायला जागा उरेना. आलेल्या-गेलेल्याला शेठ सांगत, खान्देशात चहा एकच, तो ताईबाईचा, आणि ही जागा आपण शोधून काढली. ऐकणारे माना हलवत.

मी चिडून ते गुलाबबाईंना सांगितलं. त्या डाळ निवडत होत्या. "सांगू द्या," त्या म्हणाल्या. "ताईबाईचं गिऱ्हाईक वाढतंय. पण आता तिथं ते ओव्याबद्दल बोलणार, आणि मला ते घरी ऐकावं लागतं तेवढं पुरे."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "साक्री रोडला पुलाच्या अलीकडं एक नवीन चहाचं ठिकाण निघालंय म्हणतात. रविवारी मोकळ्या आहात का?"